इंदू नावाचं झुडूप

ईरा, ओम,

गेल्या महिन्यात एका रविवारी व्हिडिओ कॉलवर ईराने मला एक प्रश्न विचारला आणि माझं नेटवर्क गेलं. आठवतंय? ते गेलं नव्हतं. आमच्या बदलापुरात नेटवर्क पाण्यापेक्षा जास्त वेळ असतं. मी फोन पालथा करून टेबलावर ठेवला आणि तुम्ही दोघं ‘आजी, दिसत नाहीस, आजी, दिसत नाहीस’ म्हणत होता ते सगळं नीट ऐकलं. मग कॉल बंद केला. तेव्हा पहिली लबाडी इथेच, वरच्या ओळीत लिहून टाकते. दुसरी मोठी आहे. तिच्याकडे यायला मला थोडा वेळ लागेल.

प्रश्न साधा होता. तुमच्या नव्या इमारतीच्या फाटकापाशी झुडपांची एक ओळ आहे – पिवळसर हिरवी पानं, पानांना साईच्या रंगाची कड. ओळीच्या टोकाला हिरवी प्लास्टिकची पाटी आहे. तुम्ही ती कॅमेऱ्यासमोर धरलीत : डुरांटा, जात ‘इंदू’, मूळ भारत. ओम ओरडला, ‘आजी, ही तर तुझ्या सोसायटीतली झाडं!’ आणि ईराने विचारलं, ‘पण आजी, इंदू कोण?’

इंदू मी आहे.

हे माहीत असलेली माणसं आता फार थोडी उरलीत. आणि ती पाटी तुमच्या बेटावर कशी पोचली, त्यात मी काय केलं, हे तर माझ्याशिवाय एकाही माणसाला माहीत नव्हतं. तुमच्या बाबालाही नाही. आजोबांना मी हे त्या कॉलनंतरच्या गुरुवारी सांगितलं. त्यांचं काय म्हणणं पडलं ते पुढे येईलच – फार गंभीर काही नाही.

आत्ताच का सांगते? एक तर तुम्ही रोज शाळेत जाताना त्या ओळीवरून जाता. दुसरं म्हणजे ईरा, तू यंदा प्रॅक्टिकलचं जर्नल लिहायला लागलीस आणि मला विचारलंस की निरीक्षण कसं लिहायचं. मी मोठ्या थाटात सांगितलं – जे दिसलं ते लिहायचं, जे दिसायला हवं होतं ते नाही. सांगताना माझी जीभ जराही अडखळली नाही. याचं मला फोन ठेवल्यावर नवल वाटलं.

मी मराठीत लिहिते आहे, कारण खोटं मी इंग्रजीत लिहिलं होतं. अगदी शुद्ध इंग्रजीत.

आधी नावाचं सांगते. माझ्या लग्नात पितळी ताटात तांदूळ पसरले आणि आजोबांनी अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं – सुनंदा. मी वाकून वाचलं. अक्षर वाईट होतं, अजूनही आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, आणि कुणीतरी ते तांदूळ पुन्हा डब्यात भरले. तेवढ्या वेळात इंदू संपली. तक्रार म्हणून सांगत नाही. तेव्हा तशीच रीत होती, आणि सुनंदा हे नाव काही वाईट नाही. पन्नास वर्षं रोज वापरलं, कुठे उसवलं नाही. माझी आई मात्र शेवटपर्यंत मला इंदू म्हणायची. ती गेली आणि त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. मला ते खुपत होतं का? विचारलं असतंत तर मी ‘छे’ म्हणाले असते.

आता हरीश. उल्हासनगरच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे तेव्हा हा माझा विद्यार्थी. सिंधी कुटुंबातला, गोड बोलणारा, कामचुकार. एकदा कांद्याच्या सालीची स्लाइड करायची होती. याच्या स्लाइडमध्ये नुसते हवेचे बुडबुडे, आणि जर्नलमध्ये विटांसारख्या रचलेल्या सुंदर पेशी. मी लाल पेनाने लिहिलं, ‘तुला हे दिसलं का?’ तो म्हणाला, ‘मॅडम, बुक में तो यही है.’ मी म्हटलं, ‘मग मार्क पुस्तकालाच देते.’ आख्खा वर्ग हसला. त्याला ती स्लाइड चार वेळा करायला लावली.

तोच हरीश पुढे नर्सरीवाला झाला आणि माझ्या इतर सगळ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त झाडं त्याने जगवली. पालेगावच्या रस्त्यावर त्याची नर्सरी आहे. तिथे टॉवर उगवतात, आणि प्रत्येक टॉवरला कुंपणाला काहीतरी हिरवं लागतं. आमच्या सोसायटीच्या बागेची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा कुंपणाचा साधा डुरांटा मी त्याच्याकडूनच आणला. त्यातल्या एका झुडपावर एकदा एक फांदी वेगळीच फुटली. पानांच्या कडा साईसारख्या, जणू कुणी बसून एकेक पान रंगवलंय. मी तिच्या काड्या लावल्या. जगल्या. त्यांच्या पुन्हा काड्या लावल्या. चार वर्षांत भिंतीलगत पूर्ण ओळ झाली. हरीश बघायला आला आणि चपला काढून वाफ्यात उतरला.

‘मॅडम, ये तो नई चीज है. याला नाव द्यावं लागेल. तुमचं देतो.’

मी किती वेळ विचार केला असेल? अजिबात नाही. तोंडातून निघून गेलं, ‘इंदू.’

‘इंदू कोण?’

‘मीच.’

त्याने लगेच खिशातून चिठ्ठी काढून लिहून घेतलं. तांदळात नाही, चिठ्ठीवर, बॉलपेनने.

वर्षभराने तो एक जाड फॉर्म घेऊन आला. परदेशातल्या एका बागकामवाल्या कंपनीला ‘इंदू’ हवी होती – समुद्रातल्या बेटांवरच्या हॉटेलांसाठी आणि इमारतींसाठी. पण बेटांची माणसं सावध असतात, आणि ते बरोबरच आहे. शोभेचं म्हणून आणलेलं झुडूप कुंपणाबाहेर पडलं, पाखरांनी त्याची फळं खाऊन बी रानात टाकलं, की तिथली मूळची झाडं दबून जातात. बेटाला मागे सरकायला जागा नसते. म्हणून झाड येऊ देण्याआधी ते प्रश्न विचारतात. फळ धरतं का? बी रुजतं का? पक्षी खातात का? कापल्यावर फुटतं का? साधा डुरांटा त्यांच्या यादीत आधीच बदनाम होता. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की ही कडांची नवी जात तशीच आहे की गरीब स्वभावाची. आणि ती सगळ्यात जास्त वर्षं पाहिलेलं माणूस जगात एकच होतं. निवृत्त प्राध्यापिका, वनस्पतिशास्त्र.

मी काय सांगते त्यावर ते ठरणार होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. हरीशने मला काहीही सुचवलं नाही. हे मुद्दाम लिहिते. तो म्हणाला, ‘जो है वही लिखो मॅडम. ते तुम्हीच शिकवलंय.’

आता ऐका – काय होतं.

भिंतीलगतच्या ओळीला फळ कधीच धरलं नाही. पण का? सोनिवलीचे पांडूदादा दर पंधरा दिवसांनी कात्री घेऊन येतात आणि मी मागे उभी राहून ओळ फूटपट्टीसारखी सरळ करून घेते. डुरांट्याला फूल फांदीच्या शेंड्याला येतं. शेंडा मी ठेवतच नव्हते, तर फूल कुठून येणार? मात्र पंपाच्या खोलीमागे एक झुडूप होतं. त्याच ओळीतली एक जास्तीची काडी मी तिथे खोचली होती. वर गांधीलमाश्यांचं पोळं, म्हणून पांडूदादा तिकडे फिरकायचे नाहीत. ते झुडूप सुखाने वाढलं. खोलीच्या छपरापर्यंत. निळसर जांभळी फुलं, मग सोनेरी मण्यांचे घोसच्या घोस, आणि त्यावर दिवसभर बुलबुलांचं भांडण.

आणि रोपं? रोज सकाळी फिरताना मी ती उपटायचे. पायरीच्या फटीतून, पाइपच्या कोपऱ्यातून, पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीतून. मला जागच्या जागी नसलेली गोष्ट बघवत नाही, तुम्हाला माहीतच आहे. शिवाय उपटली की डायरीत लिहायचे – आज चार, आज सात. रोपांची पानं साधी हिरवी होती, कडा नव्हत्या. तेव्हा मला स्वतःची समजूत घालायला जागा होती, की ही दुसऱ्या कुणाच्या साध्या डुरांट्याची असतील. बीपासून आलेल्या रोपात तशी कड उतरत नाही, हे मी वीस वर्षं वर्गात सांगत आले होते. तरी जागा होती.

मग मी ती जागाही घालवली. फॉर्म आला त्याच आठवड्यात पंपाच्या खोलीमागच्या झुडपाची फळं तोडली, बिया धुतल्या, आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात माती घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत पेरल्या. शास्त्र म्हणजे शास्त्र. काही आठवड्यांनी डबा हिरवागार झाला. जवळजवळ सगळं रुजलं होतं.

आजोबा चहाचा कप ठेवायला आले. ‘वा! मेथी पेरलीस होय?’

मी म्हटलं, ‘हो.’

का म्हटलं? ‘नाही, डुरांटा’ म्हणायला काय लागत होतं? पण त्या क्षणी मला कळलं, की हे कुणाला दिसायला नको आहे. म्हणजे फॉर्मवर काय लिहायचं ते माझं ठरून गेलं होतं, फक्त मी ते स्वतःला सांगितलं नव्हतं. दुपारी सगळी रोपं उपटून चहाच्या चोथ्याखाली ओल्या कचऱ्यात घातली. आजोबा मात्र मेथीची वाट बघत बसले. दोन दिवसांनी विचारलं, ‘त्या मेथीचं काय झालं?’ मग मी स्टेशनजवळच्या बाजारातून कोवळ्या मेथीची जुडी आणली आणि लसूण घालून भाजी केली. ते म्हणाले, ‘घरची ती घरचीच. चव वेगळी लागते.’ मी आणखी एक पोळी वाढली.

हसलात ना? मलाही आता हसू येतं. तेव्हाही आलं होतं, हीच तर भानगड आहे. मला फार वाईट वाटत होतं, झोप लागत नव्हती, असं काही नाही. मी मजेत होते.

हरीश फॉर्मसाठी फोटो काढायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी पांडूदादांना पंपाच्या खोलीमागे पाठवलं. गांधीलमाश्या तोवर उठून गेल्या होत्या. त्यांनी झुडूप जमिनीसपाट केलं आणि बुंध्याकडे बघत म्हणाले, ‘आजी, वरून कापून काय उपेग नाय. यो परत येनार. मुळापासून काढाया पायजे.’

मी म्हटलं, ‘राहू दे, उद्यापुरतं दिसलं नाही म्हणजे झालं.’

पांडूदादांनी माझ्याकडे पाहिलं. ‘कोन पाव्हनं येतंय काय?’

मग मी टेबलाशी बसले, चष्मा पुसला, आणि फॉर्म भरला. आपोआप उगवलेली रोपं आढळली का, असा रकाना होता. त्यासमोर मी लिहिलं – ‘नन ऑब्झर्व्ड’. दोन शब्द. एकही आढळलं नाही. खाली सही, हुद्दा, तारीख. डायरी हाताच्या अंतरावर होती. तिच्यात त्याच सकाळची नोंद होती – आज पाच.

हेच ते. इतकी पानं मी याच दोन शब्दांभोवती फिरत होते.

मला कुणी भरीला घातलं नव्हतं. मला त्यातून काही मिळणार नव्हतं, नर्सरीही माझी नव्हती. मला फक्त ते नाव कुठेतरी छापलेलं हवं होतं. समुद्रापलीकडे, पाटीवर, इंदू म्हणून. बेटं कुठली, तिथे कोण राहतं, तिथलं कुठलं रान मरेल – मी नकाशासुद्धा उघडला नाही. तुम्ही तेव्हा पुण्यात होता. बेट म्हणजे माझ्यासाठी फॉर्मवरची एक मोकळी चौकट होती.

झाड मंजूर झालं. हरीशने पेढे आणले आणि पहिली छापलेली पाटी मला दिली. ती मी कपाटात साड्यांखाली ठेवली. अधूनमधून काढून बघायचे. आनंद व्हायचा. हो, व्हायचा. मग तुमच्या बाबाला नोकरी लागली आणि तुम्ही नेमके त्या चौकटीत राहायला गेलात. बातमी ऐकून मी घरात साखर वाटली आणि बेटाचं नाव दोनदा विचारून घेतलं. तेव्हाही गप्प राहिले.

आणि मग तो रविवार. पाटी दाखवून झाल्यावर ओमने फोन फिरवला, तुमच्या फाटकाची भिंत दाखवली, पलीकडचा ओढा दाखवला. भिंतीच्या फटीत साधी हिरवी रोपं होती. ओढ्याच्या काठाला आणखी, कमरेएवढी. तुम्हाला ती कुठलीही झाडं वाटली असतील. त्यांच्या पानांना कड नाही, त्यांना पाटी नाही. मी मात्र ती बघताक्षणी ओळखली. माझ्या बोटांनी ओळखली म्हणा ना – इतकी उपटली आहेत. आणि वर तारेवर एक पक्षी बसला होता, डोक्यावर काळा तुरा, गालावर लाल ठिपका. ईरा म्हणाली, ‘आजी, आमच्याकडेपण बुलबुल आहेत!’

तेव्हा मी फोन पालथा केला.

गुरुवारी आजोबांना सगळं सांगितलं. डायरी, पंपाची खोली, फॉर्म, सगळं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला, नीट ऐकलं. मग म्हणाले, ‘म्हणजे ती मेथी बाजारातली होती?’

शुक्रवारी पालेगावला रिक्षाने जाऊन हरीशला सांगितलं. तो आता टक्कल पडलेला, आजोबा झालेला गृहस्थ आहे. कुंडीत माती भरत होता. त्याचे हात थांबले. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, ‘पहले बोलना था ना, मॅडम. मी दुसरं काहीतरी पाठवलं असतं. आणि नावच पाहिजे होतं, तर इथल्या जास्वंदीला नसतं दिलं?’ म्हणजे त्या खोट्याची गरजसुद्धा नव्हती. बघा. नंतर तो आत गेला, ‘इंदू’ची सगळी रोपं बाहेर काढून एका कोपऱ्यात ठेवली आणि ताडपत्री टाकली. मला रिक्षेपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, ‘मॅडम, जर्नल कितीदा लिहायला लावू आता? चार बार?’ मी म्हटलं, ‘चारदा.’ तो हसला, पण अर्धवटच. मला ते बरोबर वाटलं.

मी तुमच्या बेटावरच्या, झाडांना परवानगी देणाऱ्या त्या कचेरीला पत्र लिहिलं. त्या वर्षाच्या डायरीची सगळी पानं स्कॅन करून जोडली. शब्द साधे ठेवले – मी रोपं पाहिली होती, मी बी रुजवून पाहिलं होतं, मी खोटं लिहिलं. परवा त्यांचं उत्तर आलं, नम्र आणि थोडक्यात. ते पाहणी करणार आहेत आणि ‘इंदू’ जिथे जिथे लावली आहे तिथून ती काढून टाकणार आहेत. तुमच्या फाटकाचीही. पाटीही जाईल. ओढ्याकाठची रोपं सगळी सापडतील का, ते सांगता येत नाही, असं त्यांनी लिहिलं आहे. मलाही सांगता येत नाही.

रविवारी पांडूदादा पहार घेऊन आले. पंपाच्या खोलीमागचं झुडूप त्यांनी म्हटल्याप्रमाणे परत आलं होतं, पहिल्यापेक्षा दाट. ते मुळापासून काढलं. भिंतीलगतची ओळही काढली. सोसायटीत तीन जणांनी कुरकुर केली आणि काकूंनी विचारलं, इतकी छान झाडं का काढलीत? मी त्यांना खरं कारण सांगितलं. पांडूदादा खड्डा बुजवत म्हणाले, ‘मी तवाच बोललू व्हतू.’ बोलले होते.

आज सकाळी फिरताना सगळीकडे पाहिलं. पायरीची फट मोकळी आहे, काकूंची तुळस मोकळी आहे. दुसऱ्या मजल्याच्या पाइपच्या वळणात, माझा हात पोचत नाही अशा उंचीवर, एक रोप आहे. चार पानं, हिरवी. पांडूदादा शिडी घेऊन येतील, पण ते रविवारी. आज ते तिथे आहे. डायरीत लिहिलं आहे – एक दिसलं.

तुमची आजी,
इंदू